गाईची शेवटची सुई आणि गिधाडांचे मरण

बैल लंगडायला लागला, गाईच्या कासेला सूज येऊन दूध तुटले, म्हशीला ताप भरला, की शेतकऱ्याचा जीव खालीवर होतो. १९९०च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत भारतातल्या गोठ्यांमध्ये अशा दुखण्यावर स्वस्त आणि झटपट उतारा फारसा नव्हता. मग डायक्लोफेनॅक आले. माणसांच्या सांधेदुखीवर हे औषध आधीपासून वापरात होते. पेटंटची मुदत सरल्यावर देशी कंपन्या ते अगदी कमी किमतीत बनवू लागल्या आणि १९९४च्या सुमारास ते जनावरांच्या डॉक्टरांच्या पिशवीत पोहोचले. सुई दिली की सूज उतरायची, जनावर चारा खायला लागायचे. ज्या देशात पोळ्याला बैलाची पूजा होते आणि वसुबारसेला गाय-वासराला ओवाळले जाते, तिथे या औषधाचे स्वागत झाले नसते तरच नवल.

या सुईमागे कुणाचाही वाईट हेतू नव्हता. पण याच सुईने दक्षिण आशियातली गिधाडे जवळजवळ संपवली. हा इतिहास पर्यावरणाच्या पुस्तकांत नोंदला गेला आहे. त्याच्या पोटात दडलेला धर्माचा प्रश्न मात्र अजून पुरेसा विचारला गेलेला नाही. दया म्हणून केलेल्या कृतीतून हिंसा घडली, तर ती कुणाच्या माथी येते? आणि मुक्या जिवावरची दया नेमकी कुठे संपते?

राजस्थानातल्या भरतपूरच्या केवलादेव राष्ट्रीय उद्यानात बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे शास्त्रज्ञ विभू प्रकाश गिधाडांचा अभ्यास करत होते. १९८०च्या दशकात तिथे झाडाझाडांवर घरटी होती. १९९०च्या दशकाच्या उत्तरार्धात ते पुन्हा मोजणी करू लागले, तेव्हा घरटी ओस पडली होती. माना खाली टाकून बसलेली गिधाडे फांद्यांवरून कोसळत होती. पुढे देशभर पाहण्या झाल्या आणि सगळीकडे हेच दिसले. पांढऱ्या पाठीचे गिधाड एके काळी जगातला बहुधा सर्वाधिक संख्येचा मोठा शिकारी पक्षी मानले जाई. १९९२ ते २००७ या काळात भारतात त्याची संख्या ९९.९ टक्क्यांनी घटली. लांब चोचीचे आणि सडपातळ चोचीचे गिधाड यांचीही संख्या जवळपास ९७ टक्क्यांनी खाली आली.

आधी विषाणूचा संशय होता. उत्तर मिळाले पाकिस्तानातल्या पंजाबात. लिंडसे ओक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मेलेली गिधाडे उघडून पाहिली, तेव्हा त्यांच्या हृदयावर, यकृतावर, मूत्रपिंडांवर युरिक ॲसिडचा पांढरा थर साचलेला होता. मूत्रपिंडे निकामी झाली होती. डायक्लोफेनॅक दिलेल्या जनावराचे मांस खाल्ल्यावर गिधाड काही दिवसांतच मरते, हे त्यांनी दाखवून दिले. २००४ साली ‘नेचर’ या नियतकालिकात हे संशोधन प्रसिद्ध झाले.

यातला एक तपशील नीट समजून घ्यायला हवा. औषध घेतलेले जनावर बरे झाले, तर थोड्याच दिवसांत औषध त्याच्या शरीराबाहेर जाते आणि त्यापासून गिधाडांना धोका उरत नाही. धोका असतो सुई दिल्यावर लगेच दगावलेल्या जनावराचा. म्हणजे बहुतेक वेळा, जे वाचणार नाही हे घरच्यांनाही कळून चुकले आहे, पण ज्याचे हाल बघवत नाहीत, अशा जनावराचा. माया करणाऱ्या हाताने दिलेली ही शेवटची सुई. शास्त्रज्ञांनी गणित मांडले, तेव्हा असे दिसले, की उघड्यावर पडलेल्या मृत जनावरांपैकी शंभरात एकाहूनही कमी जनावरांत हे औषध असले, तरी गिधाडांचा ऱ्हास त्याच वेगाने होऊ शकतो. गिधाडाची मादी वर्षाला एकच अंडे घालते, पिल्लू वयात यायला पाचेक वर्षे लागतात, आणि एका मढ्यावर एकाच वेळी शेकडो पक्षी उतरतात. एक विषारी मढे साऱ्या थव्याला पुरते.

मृत जनावर साफ करणारा पक्षी नाहीसा झाल्यावर मढी संपली नाहीत. गावाबाहेरच्या माळावर, नाल्याकाठी, शहरांच्या कचरा-डेपोंवर ती कुजत राहिली. भटक्या कुत्र्यांना आयते अन्न मिळाले. अनिल मार्कंडेय आणि सहकाऱ्यांनी २००८ साली मांडलेल्या अंदाजानुसार १९९२ ते २००६ या काळात देशात सुमारे ५५ लाख कुत्री वाढली, कुत्रे चावण्याच्या घटना ३ कोटी ८५ लाखांनी वाढल्या आणि रेबीजने ४७ हजारांहून अधिक जादा माणसे दगावली. पुढे ईयाल फ्रँक आणि अनंत सुदर्शन या अर्थशास्त्रज्ञांनी, जिथे पूर्वी गिधाडे मोठ्या संख्येने असत आणि जिथे ती कधी फारशी नव्हती, अशा जिल्ह्यांतल्या मृत्यूंची तुलना केली. २०२४मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात गिधाडांच्या जिल्ह्यांमधला मृत्युदर चार टक्क्यांहून अधिक वाढलेला दिसला. २००० ते २००५ या काळात देशात सुमारे पाच लाख जादा मृत्यू झाले असावेत, असा त्यांचा निष्कर्ष आहे. कुत्रे चावलेले मूल आणि घाण पाणी प्यालेले गाव यांचा त्या सुईशी संबंध आहे, हे त्या वेळी कुणाच्या ध्यानीमनीही नव्हते.

भारतीय विचारपरंपरेत हा प्रश्न नवा नाही. कर्म कशाने ठरते, मनातल्या हेतूने की हातून घडलेल्या कृतीने, यावर बौद्ध आणि जैन यांच्यात अडीच हजार वर्षांपूर्वीच वाद झडला होता. मज्झिमनिकायातल्या उपाली सुत्तात त्याची नोंद आहे. निगंठांचा, म्हणजे जैन संघाचा, उपासक उपाली शरीराने घडलेल्या पापाला सर्वांत जड मानतो. बुद्ध मनाच्या कर्माला अधिक वजन देतात. बुद्धांच्या मापाने पाहिले, तर १९९५ साली आपल्या बैलाला डायक्लोफेनॅकची सुई देणारा शेतकरी निर्दोष ठरतो. त्याच्या मनात करुणाच होती. उपालीच्या मापाने पाहिले, तर मेलेल्या प्रत्येक गिधाडाचा हिशेब त्याच्या खात्यावर चढतो.

दोन्ही मापे अपुरी वाटतात, आणि जैन आचार्यांनाही ते जाणवले होते. उमास्वातींनी तत्त्वार्थसूत्रात हिंसेची व्याख्या करताना प्राण घेण्याच्या कृतीला असावधपणाची जोड दिली. कुंदकुंदांनी प्रवचनसारात आणखी स्पष्ट सांगितले. जो साधू जपून पाऊल टाकतो, त्याच्या पायाखाली एखादा जीव आला तरी त्याला हिंसेचे बंधन लागत नाही. जो बेफिकीरपणे चालतो, त्याच्या पायाखाली काही मरो वा न मरो, तो हिंसकच. इथे कसोटी हेतूची राहत नाही आणि निव्वळ परिणामाचीही राहत नाही. जे कळणे शक्य आहे ते जाणून घेतले का, आणि कळल्यावर काळजी घेतली का, ही ती कसोटी.

ही कसोटी डायक्लोफेनॅकच्या इतिहासाला लावली, की २००४ हे साल मध्ये एखाद्या भिंतीसारखे उभे राहते. त्याआधीची सुई अज्ञानातली होती. त्यानंतर तीच सुई, तेच औषध, तोच बैल, पण कृतीचे स्वरूप पालटले. ज्ञान आल्यावर बेफिकिरी हिंसा होते. मात्र हे ज्ञान पहिल्यांदा पोहोचले ते औषध कंपन्या, परवाने देणारी सरकारी खाती आणि पशुवैद्यकांपर्यंत. गोठ्यातल्या शेतकऱ्यापर्यंत ते फार उशिरा गेले, आणि काही ठिकाणी अजूनही गेलेले नाही. म्हणून या पापाचे वाटे करायचे, तर सर्वांत लहान वाटा शेतकऱ्याचा आहे. ज्याला आधी कळले आणि ज्याच्या हातात थांबवण्याची सत्ता होती, त्याचा वाटा सर्वांत मोठा.

मग त्या सत्तेने काय केले? भारताने २००६ साली जनावरांसाठीच्या डायक्लोफेनॅकवर बंदी घालण्याचे पाऊल उचलले. नेपाळ आणि पाकिस्ताननेही त्याच वर्षी उचलले. बांगलादेशाने २०१०मध्ये. संशोधनानंतर अवघ्या दोन वर्षांत कायद्याची चाके फिरली, ही दाद द्यावी अशी गोष्ट. पण माणसांसाठी बनणाऱ्या ३० मिलिलिटरच्या मोठ्या बाटल्या औषधांच्या दुकानांत मिळतच राहिल्या. माणसाला एका वेळी तीन मिलिलिटर पुरतात. ३० मिलिलिटरची बाटली म्हशीच्या मापाची होती, हे दुकानदारालाही ठाऊक असणार. भारतात गोळा केलेल्या मृत जनावरांच्या नमुन्यांत बंदीआधी सुमारे ११ टक्क्यांत हे औषध सापडत होते. बंदीनंतर दोन वर्षांनीही सुमारे साडेसहा टक्क्यांत ते होते. या मोठ्या बाटल्या बंद व्हायला २०१५ साल उजाडले.

इतर वेदनाशामकांची कथा याहून संथ. केटोप्रोफेन गिधाडांना मारते, हे २००९मध्ये प्रसिद्ध झाले. एसिक्लोफेनॅक जनावराच्या शरीरात गेल्यावर त्याचे डायक्लोफेनॅकच होते. भारताने या दोन्हींवर बंदी घातली ती २०२३मध्ये. केटोप्रोफेनच्या बाबतीत ज्ञान आणि कृती यांच्यात १४ वर्षे गेली. निमेसुलाइडवरची बंदी २०२४च्या डिसेंबरअखेर आली. या सगळ्या काळात गिधाडांना न बाधणारे मेलॉक्सिकॅम हाताशी होते. त्याची सुरक्षितता २००६पासून ठाऊक आहे. गाईला वेदनेत ठेवायचे की गिधाडाला मारायचे, अशी कोंडी तेव्हापासून उरलीच नव्हती. ज्या प्रश्नाला उत्तर आहे, तो न सोडवणे हा जैन आचार्यांच्या भाषेतला शुद्ध असावधपणा आहे.

गाईच्या वेदनेचा विचार करताना १९२८ सालचे साबरमती आश्रमातले वासरू आठवते. ते बरे होण्यापलीकडे गेले होते, असह्य वेदनेत तळमळत होते. गांधीजींनी आश्रमीयांशी चर्चा केली आणि डॉक्टरकडून सुई देऊन त्याचे प्राण शांत केले. देशभर गहजब झाला, निषेधाची पत्रे आली. गांधीजींनी आपला निर्णय लपवला नाही. त्यावर जाहीरपणे लिहिले. अहिंसा म्हणजे मारणे टाळणे एवढेच असेल, तर ती अपुरी आहे, समोरच्या जिवाच्या दुःखाची जबाबदारी घेणे हा तिचाच भाग आहे, अशी त्यांची भूमिका होती. ती पटो न पटो, पण गोरक्षेचा विचार त्यांनी कुठवर नेला, हे पाहिले की त्यांचे वेगळेपण कळते. मेलेल्या जनावराचे काय करायचे, हा प्रश्नही त्यांनी गोसेवेतच धरला. साबरमतीला आणि पुढे वर्ध्याजवळ नालवाडीला, नैसर्गिक मृत्यू आलेल्या जनावरांचे कातडे कमावण्याची चर्मालये उभी राहिली. नालवाडीचे काम गोपाळराव वाळुंजकरांनी चालवले. गाय मेल्यावर आपली जबाबदारी संपली, असे तिथे कुणी मानले नाही.

बाकी समाजाने मात्र तसेच मानले. जिवंत गाय मंदिराशी जोडली, मेलेली गाय गावकुसाबाहेर लोटली. तिथे तिला ओढून नेण्याचे काम जातीने ठरवून दिले आणि ते करणाऱ्याला त्याच कामावरून अस्पृश्य ठरवले. मार्च १९२७मध्ये महाडच्या परिषदेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मेलेल्या जनावराचे मांस खाणे सोडा, असे आवाहन केले. गावची मेलेली ढोरे ओढण्याची सक्तीही झुगारण्याची चळवळ त्यापाठोपाठ उभी राहिली. स्वाभिमानाच्या लढ्यातले हे मोठे पाऊल होते. त्याने सवर्ण समाजापुढे टाकलेला प्रश्न मात्र अनुत्तरित राहिला: ज्या जनावराला तुम्ही माता म्हणता, तिच्या अंत्यविधीचे काय? २०१६मध्ये गुजरातेत ऊना इथे मेलेल्या गाईचे कातडे सोलणाऱ्या दलित तरुणांना उघड्यावर मारहाण झाली. निषेध म्हणून सुरेंद्रनगरला मृत जनावरे थेट कलेक्टर कचेरीपुढे आणून टाकली गेली. मढे दिसत नव्हते तोवर ते कुणाचेच नव्हते. कचेरीच्या दारात आल्यावर ते सरकारचे झाले.

या इतिहासाचा आजच्या पशुपालनाशी थेट संबंध आहे. २०१९च्या पशुगणनेनुसार भारतात १९ कोटींहून अधिक गाय-बैल आणि जवळपास ११ कोटी म्हशी आहेत. महाराष्ट्रात २०१५पासून गाईबरोबर बैल आणि वळू यांच्या कत्तलीवरही बंदी आहे. या कायद्याबद्दल मते काहीही असोत, त्याचा एक सरळ परिणाम आहे. अधिक जनावरे म्हातारी होऊन, आजारी पडून, औषधे घेऊन मरणार. म्हणजे त्यांच्या शेवटच्या आजारातले औषध आणि त्यांचे मढे या दोन गोष्टींची व्यवस्था हा त्या कायद्याच्या धर्माचाच अर्धा भाग ठरतो. तो अर्धा भाग कुठल्याही ग्रामपंचायतीकडे नीट सोपवलेला दिसत नाही. शतकानुशतके मढी साफ करण्याचे काम गिधाडांनी फुकट केले. थवा उतरला की तासाभरात सांगाडा उरे. त्यांच्या पोटातले तीव्र आम्ल काळपुळीचे जंतूही पचवून टाकते.

या साखळीचे सर्वांत अनपेक्षित टोक मुंबईत मलबार हिलवर आहे. डुंगरवाडीतल्या दख्म्यांत (मृतदेह ठेवण्याच्या मनोऱ्यांत) पारशी समाज तीनशेहून अधिक वर्षे आपले मृत पक्ष्यांच्या स्वाधीन करत आला. झरथुष्ट्री धर्मात पृथ्वी, अग्नी आणि जल ही पवित्र तत्त्वे. प्रेताने त्यांना विटाळू नये, म्हणून देह ना पुरायचा, ना जाळायचा. देह पक्ष्यांना देणे हे माणसाचे अखेरचे दान मानले जाते. १९९०च्या दशकात मुंबईच्या आकाशातून गिधाडे गेली आणि हा विधी आतून पोकळ झाला. देह सुकवण्यासाठी सूर्यकिरण एकवटणारे आरसे बसवले गेले. पावसाळ्यात ते फारसे कामाचे नसतात. गिधाडे मोठ्या पिंजऱ्यात पाळण्याच्या कल्पनेवर चर्चा झाली, पण डायक्लोफेनॅक माणसांनाही दिले जाते, म्हणजे प्रश्न पुन्हा त्याच औषधापाशी येऊन थांबला. समाजात मतभेद झाले, घराघरांत वाद झाले. २०१५मध्ये वरळीच्या स्मशानभूमीत पारशी अंत्यविधीसाठी प्रार्थनागृह सुरू झाले. उद्योगपती सायरस मिस्त्री आणि रतन टाटा यांच्यावरचे अंत्यसंस्कारही वरळीतच झाले.

२०११च्या जनगणनेत भारतातले पारशी ५७ हजारांच्या आसपास होते. एवढ्याशा समाजाच्या अंत्यविधीवर न्यायालयाने बंदी घातली नाही, कुठल्या जमावाने हल्ला केला नाही. दूरवरच्या गोठ्यांतल्या गाईवरच्या प्रेमाने तो विधी मोडला. धर्मस्वातंत्र्याची आपली सगळी चर्चा मिरवणुका, भोंगे आणि प्रार्थनास्थळे यांच्याभोवती फिरते. एका धर्माचा आचार दुसऱ्या धर्माच्या गोठ्यातल्या औषधावर आणि तिसऱ्या एका पक्ष्याच्या मूत्रपिंडावर टेकलेला असू शकतो, हे त्या चर्चेत कुठेच बसत नाही. शेजाऱ्याच्या धर्माचा आदर करायचा असेल, तर तो आदर पशुवैद्यकाच्या चिठ्ठीपर्यंत न्यावा लागेल.

सुधारणेची चिन्हे आहेत आणि ती प्रत्यक्ष कामातून आली आहेत. हरियाणातल्या पिंजोरच्या केंद्रात बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी आणि राज्य सरकारने बंदिस्त गिधाडांची पैदास यशस्वी केली. तिथली गिधाडे २०२४मध्ये महाराष्ट्रात ताडोबा आणि पेंचच्या जंगलांत आणली गेली. नेपाळमधल्या पिठौली गावाने वेगळी वाट काढली. तिथे म्हाताऱ्या गाई मरेपर्यंत सांभाळल्या जातात, त्यांना घातक औषधे दिली जात नाहीत आणि मेल्यावर त्यांचे देह गिधाडांसाठी ठेवले जातात. गाय मारली जात नाही आणि गिधाड उपाशी राहत नाही. महाराष्ट्रातही रायगड, नाशिक आणि गडचिरोली जिल्ह्यांत गिधाडांसाठी असे अन्न ठेवण्याचे प्रयोग झाले आहेत. नाशिक जिल्ह्यातच इगतपुरीजवळ सर्वतीर्थ टाकेद आहे, जिथे रावणाशी झुंजून गिधाडराज जटायू पडला, अशी श्रद्धा आहे. त्या परिसरात भाविकांची रीघ लागते.

सर्वांत मोठे काम मात्र जंगलाबाहेर आहे. जनावरांसाठीचे प्रत्येक नवे वेदनाशामक बाजारात येण्याआधी गिधाडांवर तपासले जावे आणि घातक ठरले तर त्याला परवानाच मिळू नये, असा नियम हवा. आधी विक्री, मग घातक ठरल्यावर १४ वर्षांनी बंदी, हा क्रम उलटायला हवा. तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात मेलॉक्सिकॅम कायम उपलब्ध असायला हवे. गाव सोडून कुठे जाऊ न शकणाऱ्या शेतकऱ्याला दुकानदार देईल तेच औषध घ्यावे लागते. त्याच्या सावधपणाची अपेक्षा करण्याआधी त्याच्यापुढे चांगला पर्याय ठेवावा लागतो. मृत जनावर उचलण्याची व्यवस्था ग्रामपंचायतीने करावी. ती यंत्राने, पुरेशा मजुरीने आणि जातीचा संबंध न ठेवता करावी.

गोशाळांची जबाबदारी तर सर्वांत स्पष्ट आहे, कारण तिथे म्हातारी आणि आजारी जनावरेच सर्वाधिक असतात. पोळ्याला किंवा वसुबारसेला गोशाळेच्या पेटीत पैसे टाकणाऱ्या भाविकाने व्यवस्थापकाला दोनच प्रश्न विचारावेत: इथे आजारी गाईला कोणते वेदनाशामक दिले जाते, आणि ती मेल्यावर तिला कुठे नेले जाते? सरकारी अनुदान देणाऱ्या अधिकाऱ्यानेही हेच दोन प्रश्न अर्जाच्या नमुन्यात घालावेत, आणि त्यांची लेखी उत्तरे मिळाल्याशिवाय अनुदानाचा हप्ता सोडू नये.